विसावं नाणं

१

पेटीतली नाणी मोजली तेव्हा पुरती शंभर भरली. एक कमी नाही, एक जास्त नाही. तरीही निवृत्त शतपती ओप्पियस मांडीवर थापा मारत ‘लुटलं, लुटलं’ म्हणून ओरडत होता, आणि त्याचा तो पलटणीत कमावलेला आवाज ऱ्हाईनच्या घाटापर्यंत सहज जात असणार.

एपाफ्राला कानांवर हात ठेवावेसे वाटले. त्याचं पोटच कानांवर होतं. चाळीस वर्षं तो नाणी पारखत आला होता. संगमरवरी पाटीवर नाणं टाकायचं आणि ऐकायचं. चांदी असली की नाणं गातं, आत तांबं असलं की खोकतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असली हजारो नाणी त्यानं अशी पकडली होती. पण काहीच कमी न होता झालेली चोरी त्यानं बासष्ट वर्षांत ऐकली नव्हती.

“मालक, शंभर ठेवली होती, शंभर आहेत,” तो म्हणाला. “मग गेलं काय?”

“डोळे फुटले का तुझे? हे बघ!”

ओप्पियसनं ढीग दोन भागांत सारला. एकीकडे ऐंशी जुनी नाणी होती. झिजलेली, पाठीवर दोन घोड्यांचा रथ, काठ करवतीसारखा दातेरी. दुसरीकडे वीस नवी, गुळगुळीत काठाची, पुढे सम्राटाचं मांसल तोंड. बाजारात एकाला रथवालं म्हणत, दुसऱ्याला तोंडवालं.

“पलटणीतून सुटलो तेव्हा आम्ही म्हाताऱ्यांनी हर्क्युलिसच्या नावानं मंडळ काढलं आणि आपापल्या मयताची सोय म्हणून ही पेटी केली,” ओप्पियस म्हणाला. “शंभरच्या शंभर रथवाली. तूच वाजवून घेतलीस. आठवतं का तेही विसरलास?”

आठवत होतं. एकेक नाणं कसं गायलं होतं तेसुद्धा.

कोपऱ्यात दारूचा व्यापारी सेनिलिस बोटातली अंगठी फिरवत बसला होता. तो नदीपलीकडे दारू नेई. पलीकडच्या जंगलातले लोक फक्त रथवालं नाणं घेत, तोंडवालं पुढे केलं तर नदीत फेकून हसत. म्हणून शंभर रथवाल्यांना एकशेतीस तोंडवाली द्यायला तो आज आला होता, आणि त्यासाठीच पेटी उघडली होती.

“मी तर सरळ व्यवहाराला आलो,” सेनिलिस म्हणाला. “पेटी कोण सांभाळतं ते बघा. आणि पारख कुणी केली तेही बघा म्हणजे झालं.”

“तुला कुणी विचारलं का?” एपाफ्रा म्हणाला. “चोराच्या मनात चांदणं, तसं चाललंय तुझं.”

पेटीची किल्ली ज्याच्या गळ्यात होती तो विटालिस भिंतीला पाठ लावून उभा होता. ओप्पियसचा गुलाम. तीस-बत्तीस वर्षांचा, शांत, हातात नेहमी काही ना काही काम असलेला. तीन दिवसांनी हर्क्युलिसचा सण होता. त्या जेवणावळीत सगळ्यांसमोर ओप्पियस त्याच्या डोक्यावर नमद्याची टोपी घालून त्याला मोकळं करणार होता. टोपी शिवूनही झाली होती.

“खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, हरामखोरा,” ओप्पियस त्याला म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. “उद्या उजाडलं की तुला गावच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात देतो. गुलामाची साक्ष चाबकाशिवाय धरत नाहीत, ठाऊक आहे ना?”

एपाफ्राही एकेकाळी गुलाम होता. चाबकाच्या त्या खोलीतून परत आलेल्या दोघांना त्यानं पाहिलं होतं. त्यातला एक पुढे कधी सरळ उभा राहू शकला नाही.

“मालक, संध्याकाळपर्यंत वेळ द्या मला,” तो म्हणाला. “पारख माझी होती. शोधही मीच लावतो.”

“सूर्य बुडेपर्यंत. पुढे घटकाभरही नाही.”

एपाफ्रानं नव्यातलं एक नाणं उचललं. पाटीवर टाकण्याआधी सवयीनं नाकाशी नेलं, आणि थबकला. मग दुसरं उचललं, तिसरं उचललं. विसांच्या विसांना एकच वास येत होता.

२

वास गंधकाचा होता. आणि वीसही नाणी काळवंडलेली होती, निळसर काळी. चांदीचं हे दुखणं जगजाहीर आहे. तिला गंधकाचा धूर सोसत नाही.

गावात गंधक विकत घेणारा पहिला माणूस म्हणजे सोनार तोगियो. भांड्यांवर काळी नक्षी भरायला त्याला ते लागे. शिवाय जुन्या नाण्यात चांदी जास्त, म्हणजे वितळवणाऱ्याचा फायदा. एपाफ्रा ते नाणं मुठीत धरून सरळ त्याच्या दुकानात शिरला.

“या, या, म्हातारबा,” तोगियो फुंकणी बाजूला ठेवत म्हणाला. “काय, आज माझं कोणतं नाणं खोकलं?”

“खोकलं नाही. काळं पडलंय. ओप्पियसच्या पेटीतल्या वीस रथांच्या जागी असली वीस आली आहेत.”

“आणि तुम्हाला वाटलं तोगियोनं रथ वितळवले.” सोनार हसला. “अहो, पेटीत हात घालायला मिळाला असता तर मी वीसच कशाला घेतली असती? ऐंशी काय देवाला ठेवली? आणि बदल्यात तितकीच चांगली नाणी टाकून जायला मी चोर आहे का धर्मात्मा?”

एपाफ्राला हसू आलं. बोलणं खोटं नव्हतं. ज्यानं हे केलं होतं त्याला हाव नव्हती. त्याला मोजून वीसच हवी होती, आणि त्यानं प्रत्येकाची भरपाई केली होती.

तोगियोनं नाणं उजेडात धरलं. “माझं गंधक मुशीत असतं. हे मुशीचं काळं नव्हे. हे रोजच्या धुराचं. कुणीतरी धुरात उभं राहून काम करतं आणि नाणं अंगावर बाळगतं.” त्यानं सुईचं टोक अक्षरांच्या खाचेत फिरवलं. टोकावर पांढरा कण आला. “ही बघा. माती. शाडूसारखी. ही माझ्याकडे कशाला असेल?”

पुढचं सांगायची गरज नव्हती. अंगाला गंधकाचा धूर आणि नखांत पांढरी माती, हे दोन्ही एकाच धंद्यात येतं. कपडे मातीत तुडवायचे, धुवायचे, मग वेताच्या टोपल्यावर पसरून खाली गंधक धुपवायचं, म्हणजे ते पांढरेशुभ्र होतात. आणि ओप्पियसच्या मंडळाचे जेवणावळीचे शुभ्र अंगरखे, जे त्याच पेटीत नाण्यांच्या वर घडी घालून ठेवले जात, ते दर महिन्याला एकच बाई धुऊन आणत होती.

३

लूबा परिटाच्या कारखान्यात कुंडात उभी होती. गुडघ्यापर्यंत पांढरा चिखल, दोन्ही हात भिंतीला टेकलेले, पाय सतत चालत होते. आठ वर्षं ती अशी चालत होती आणि कुठंही पोचली नव्हती.

एपाफ्रानं ओंजळ उघडून नाणं दाखवलं. तिनं पाहिलं. पाय थांबले.

“विटालिसला धरलंय,” तो म्हणाला. “उद्या सकाळी चाबूक.”

“त्याला कशाला?” ती कुंडाबाहेर आली. पायांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. “चोरलं नाही, बाबा. एक घेतलं, एक ठेवलं. माझ्या कामाचं नाणं ते. खाणं-राहणं वजा जाऊन महिन्याला एक सुटतं. महिनाभर कमरेला बांधून ठेवायचं आणि मग बदलायचं.”

“पण रथवालंच कशाला हवं होतं?”

“तुम्ही विचारता?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तुमच्या पाटीपाशी आले होते की मी. दोन वर्षं झाली. एका तोंडवाल्याला एक रथवालं द्या म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, मिळणार नाही, पुढे चल. सेनिलिस एकाला दोन मागत होता.”

एपाफ्राला ते आठवेना. रोज पन्नास जणांना तो तेच म्हणत असे. आठवत नाही याचीच त्याला लाज वाटली.

मग तिनं सांगितलं. ती पलीकडची. नवरा अलीकडच्या फौजेतला शिपाई, म्हणून कुळानं आधीच नाक मुरडलेलं. पोर दोन वर्षांची असताना तापानं फणफणली म्हणून तिला पलीकडे आईजवळ ठेवली, महिन्याभरात न्यायला येते म्हणाली. त्याच महिन्यात लढाई पेटली. नवरा गेला. नदी बंद झाली. आता कुळाचा निरोप होता. पोर त्या काठावर पाठवायची नाही, तुला यायचं तर ये, पण शत्रूच्या घरात नांदल्याचा दंड भर. वीस नाणी, रथवाली. दंड भरला की चुलीजवळ जागा.

“दहा वर्षांची झाली असेल,” लूबा म्हणाली. “माझं तोंड आठवत नसेल तिला. मला तिचा वास आठवतो, बाबा. या गंधकात उभी असले तरी आठवतो.”

पाच वर्षांचा असताना एपाफ्राला समुद्रापलीकडच्या एका बंदरावर विकलं होतं. आईची भाषा पार पुसून गेली होती. एकच शब्द उरला होता, आणि त्याचा अर्थ ‘ये’ होता की ‘जा’, हेही त्याला आता ठाऊक नव्हतं. त्या शब्दाचा अर्थ सांगेल असं माणूस त्याला या गावात कधी भेटलं नाही. त्या क्षणी त्याला वाटलं, या बाईसाठी काय वाटेल ते करावं.

“किती जमली?” त्यानं विचारलं.

“एकोणीस. विसाव्याला तीन महिने झाले. नाणं देऊन बसलेय, पण ते म्हणतात शोधतोय, जुनं हाताला लागत नाही.”

“ते म्हणजे कोण? तू स्वतः नाही बदललीस?”

लूबानं ओठ चावला. पण उशीर झाला होता. आणि तिनं न सांगताही एपाफ्राला कळायला हवं होतं. मंडळाचं घर हर्क्युलिसचं, तिथं बाईचं पाऊल चालत नाही. धुतलेल्या अंगरख्यांचं गाठोडं घेऊन ती दर महिन्याला उंबऱ्याबाहेर उभी राही. आत पेटी उघडणारा हात एकच होता.

ज्याला निर्दोष ठरवायला तो सकाळपासून वणवण फिरत होता, त्यानंच हे केलं होतं. आणि पेटीत काळी नाणी एकोणीस नव्हती, वीस होती.

४

विटालिसला सरपणाच्या खोलीत कोंडलं होतं. एपाफ्रा आत गेला तेव्हा तो ओंडके नीट रचत बसला होता. हात रिकामे ठेवणं त्याला जमतच नसे.

“लूबाकडून आलो,” एपाफ्रा म्हणाला.

ओंडका हातातच राहिला. “तिचं नाव घेऊ नका. मी कबूल करतो, सगळं मी केलं. चाबकाआधीच सांगतो, मग तिच्यापर्यंत कुणी जाणार नाही.”

“आणि टोपी?”

“टोपीचं काय.”

“गाढवा,” एपाफ्रा खाली बसला. “पेटीत काळी वीस आहेत. तिच्याकडे रथवाली एकोणीस. पेटीत अजून ऐंशी रथ पडलेत आणि तू तिला म्हणतोस, हाताला लागत नाही. विसावं कुठं आहे?”

विटालिसनं कमरेचा पट्टा सोडला. आतल्या बाजूनं शिवण उसवली आणि नाणं तळहातावर ठेवलं. दातेरी काठ रोज घासून लखलखीत झाला होता.

“तीन महिने?”

“तीन महिने,” तो म्हणाला. “पहिली काही आनंदानं दिली, बाबा. पंधराव्यानंतर हात जड व्हायला लागला. दर महिन्याला ती उंबऱ्याशी येते, गाठोडं देते, मी नाणं देतो, ती मुठीत धरते आणि हसते. तेवढंच. मी तिला कधी बोटही लावलं नाही. हे दिलं की पुढच्या महिन्यात उंबऱ्याशी कुणी दुसरीच येणार. रोज उठून म्हणतो, आज देतो. रोज संध्याकाळी पट्टा तसाच बांधून निजतो.”

“तिची पोर तिकडे आहे.”

“ठाऊक आहे की! म्हणून तर लाज वाटते.”

एपाफ्रा त्याच्याकडे बघत राहिला. बाहेर ऊन कलत होतं. खरं सांगावं तर या पोराची पाठ फुटणार आणि लूबालाही ओढतील. खोटं सांगावं तर कुणा तिसऱ्याची मान अडकणार. आणि सांगितलंच नाही, तर सकाळ होणारच होती.

मग त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून त्यानं प्रश्नच चुकीचा धरला होता. कुणी चोरलं, हे विचारत तो गावभर फिरला. काय चोरलं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

५

सूर्य टेकायला आला तेव्हा मंडळाच्या अंगणात सातआठ म्हातारे शिपाई जमले होते. सेनिलिसही होता, अजून सौदा सुटू नये म्हणून. एपाफ्रानं आपली संगमरवरी पाटी मधोमध ठेवली आणि वीसही काळी नाणी एकामागून एक तिच्यावर टाकली. सगळी नीट वाजली.

“चोर सापडला का?” ओप्पियसनं विचारलं.

“चोरीच सापडत नाही, मालक. ही वीस नाणी खरी आहेत. पारख माझी. पेटीत शंभर होती, शंभर आहेत. आता तुमची तक्रार काय ते चारचौघांत सांगा.”

“काय म्हणजे? रथवाली गेली आणि ही आली!”

“बरं. मग काय बिघडलं?”

“काय बिघडलं? अरे, या असल्या नाण्याला—”

“थांबा.” एपाफ्रानं एक नाणं उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. “उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नका करू. हे तोंड कुणाचं आहे ते आधी बघा. या तोंडाचं नाणं कमी किमतीचं, असं म्हणायचंय का तुम्हाला? म्हणा. उद्या अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडताना हेच वाक्य म्हणावं लागेल. लिहून घेतील ते. सम्राटाचं नाणं नाकारणाऱ्याला काय शिक्षा असते, ते पलटणीत मोठ्यानं वाचून कोण दाखवायचं? तुम्हीच ना?”

ओप्पियसचं तोंड उघडं होतं. ते त्यानं हळूहळू मिटलं. एका म्हाताऱ्या शिपायानं आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

“पण बाजारात सगळ्यांनाच ठाऊक आहे की—” सेनिलिस म्हणाला.

“तू म्हणतोस का मग? एकशेतीस देऊन शंभर घेणारा तूच. चल, माझ्याबरोबर चल, साक्ष द्यायला.”

सेनिलिसला एकाएकी घाटावरच्या नावेची आठवण झाली. तो उठून गेला.

ओप्पियस कितीतरी वेळ एपाफ्राकडे बघत होता. तो रागीट होता, पण मूर्ख नव्हता. “कुणी केलं ते तुला माहीत आहे,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“तुमच्या पेटीतून एका कवडीची वस्तू गेली नाही, एवढं मला माहीत आहे.”

“विटालिस होता का?”

“मालक, तुम्ही त्याला चौदा वर्षं किल्ली दिलीत. आज मोजलंत तेव्हा किती भरली?”

ओप्पियसनं नाणी पेटीत सारली आणि झाकण आपटलं. “सोडा त्याला,” तो कुणाकडे न बघता म्हणाला. “आणि सणाला अंगरखे नीट पांढरे हवेत म्हणावं.”

६

सणानंतरच्या दुसऱ्या सकाळी एपाफ्रा घाटावर आला, कारण विटालिसनं त्याला सोबत यायला सांगितलं होतं. एकट्यानं जायचा धीर नव्हता. विटालिसच्या डोक्यावर टोपी होती, खाली केस रिवाजाप्रमाणे ताजे भादरलेले, त्यामुळे तो आजारातून उठल्यासारखा दिसत होता.

“तूही जा की तिच्याबरोबर,” एपाफ्रा वाटेत म्हणाला. म्हणायचं म्हणून म्हणाला.

“मोकळा झालो तरी महिन्यातले दहा दिवस मालकाची चाकरी आहे. आणि तिकडे ही टोपी दिसली तर डोकंसुद्धा ठेवणार नाहीत. कूळ आपलं माणूस परत घेतं, बाबा. परकं नाही.”

लूबा नावेजवळ उभी होती. पायांत नवे जोडे. हातात गाठोडं, पण या वेळी तिचं स्वतःचं. आदल्या दिवशी एपाफ्रानं तिला एवढंच कळवलं होतं की विसावं मिळालंय, नाव ठरव. कुठं होतं, ते त्यानं सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम त्याचं नव्हतं.

विटालिसनं नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. बोटं जरा जास्त वेळ तिथंच राहिली. पहिल्यांदाच.

“माझ्याकडेच होतं,” तो म्हणाला. “तीन महिने. पट्ट्यात शिवून ठेवलं होतं. शोधतोय म्हणालो ते खोटं होतं.”

“ठाऊक होतं,” लूबा म्हणाली.

“ठाऊक होतं?”

“पेटीत शंभर होती, हे तूच पहिल्या महिन्यात सांगितलं होतंस. मला वीसपर्यंत मोजता येतं, म्हणजे पुढचंही येतं.”

नावाडी हाका मारत होता. विटालिसनं तिकडे पाहिलंही नाही. “मग मागितलं का नाहीस? पोर वाट बघत होती तुझी. एकदा म्हणाली असतीस, कुठंय माझं नाणं—”

लूबानं नाणं बाकीच्या एकोणिसांबरोबर कमरेला बांधलं. गाठ मारायला तिला बराच वेळ लागला.

“विचारलं असतं,” ती म्हणाली, “तर तू दिलं असतंस.”

आणि ती नावेत चढली.